गड्ड्याचे पाहुणे, स्वीडनचं चर्चगाव आणि जुनी वस्ती जपायची कशी

आमचा वाडा सोलापूरच्या उत्तर कसब्यात आहे. आजी सांगायची की संक्रांतीच्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसायची, मंद्रूप, वळसंग, कुंभारी, होटगी इकडचे सगळे नातेवाईक बैलगाड्या जुंपून सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला यायचे, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम सगळं डोळे भरून बघायचे आणि मगच परतायचे. प्रत्येकाची खोली ठरलेली होती. परसातली खोली मंद्रूपवाल्यांची, जिन्याखालची वळसंगवाल्यांची, बाकी वर्षभर त्या खोल्यांना कुलूप. पुढं एसटी वाढली, मग मोटारसायकली आल्या, आता लोक संध्याकाळी येतात, गड्डा फिरतात, रात्री घरी जाऊन झोपतात. खोल्या मात्र तशाच राहिल्या आणि एकेक करून पडायला लागल्या.

म्हणून स्वीडनमधल्या गामेलस्तादबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. देशाच्या अगदी उत्तरेला लुलेओ शहराजवळ हे गाव आहे, मधोमध पंधराव्या शतकातलं दगडी चर्च आणि भोवती ४२४ लाकडी घरं, बहुतेक लाल रंगाची, खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या. ही घरं राहायची नाहीतच. लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी रविवारच्या प्रार्थनेला आणि सणासुदीला यायचे, थंडी, बर्फ आणि अंतर असं की त्याच दिवशी घरी पोचणं शक्य नाही, म्हणून रात्र काढायला बांधलेल्या ह्या खोल्या. एकेका घरात दोनतीन कुटुंबांच्या वेगळ्या खोल्या, वेगळे मालक. चर्चला किती वेळा यायचं तेही अंतरावर ठरायचं, जवळच्यानं दर रविवारी, लांबच्यानं दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी. तरण्याताठ्या पोरापोरींच्या गाठी तिथंच पडायच्या. आपल्याकडं यात्रेत सोयरिका जुळायच्या, तसंच बघा. अशी चर्चगावं स्वीडनच्या उत्तर भागात कितीतरी होती, आता मोजकीच उरलीत आणि त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात नीट राहिलेलं हे. १९९६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं.

ते राहिलं कसं ह्याचंही कारण मोठं विलक्षण आहे. हिमयुगात त्या भागावर बर्फाचा कितीतरी किलोमीटर जाडीचा थर होता, त्याच्या वजनानं जमीन खाली दबलेली, बर्फ वितळल्यावर ती हळूहळू वर यायला लागली आणि आजही वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वर येतेय. त्यामुळं बंदर उथळ होत गेलं, जहाजं लागेनात, मग १६४९ मध्ये शहरच उचलून समुद्राकडं नेलं. व्यापार गेला, पण चर्च कुठं नेणार? ते तिथंच राहिलं, लोक प्रार्थनेला तिथंच येत राहिले आणि म्हणून खोल्याही राहिल्या. माझ्या दृष्टीनं सगळं मर्म इथं आहे, भिंती टिकल्या कारण येणारी माणसं टिकली. पुढं जे लिहितोय ते गामेलस्तादसारखी वस्ती जपायची पद्धत म्हणून लिहितोय, आणि आपले वाडे, पंढरपूरचे मठ, धर्मशाळा ह्यांना त्यातलं काय लागू होतं ते जागोजागी सांगतो.

आधी वापर लिहून काढा, मग घर मोजा

लोक सुरुवात आर्किटेक्टला बोलावून करतात. मी म्हणतो आधी एक वही घ्या. कोण येतं, कोणत्या सणाला, किती माणसं, कोणत्या खोलीत उतरतात, किल्ली कोणाकडं, पाणी कुठून आणतात, चूल कुठं मांडतात, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, कारण हे त्यांच्याबरोबरच जाणार आहे. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच आठवड्यात वहीत उतरवून काढा, नाहीतर फोन बदलला की गेलं.

गामेलस्तादमध्ये एक नियम आहे जो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, त्या खोल्यांत कायमचं राहायला परवानगी नाही. वरवर बघितलं तर वाटतं की घर रिकामं ठेवून कसं जपणार, पण विचार करा. कायम राहायचं म्हटलं की पाण्याची लाइन आली, संडास बाथरूम आलं, ड्रेनेज आलं, थंडी अडवायला भिंतींना आतून थर आले, मग खोली पुरेना म्हणून मागं वाढवलं, आणि पाचदहा वर्षांत चारशे घरांचं नुसतं दाट उपनगर झालं असतं. तो नियम म्हणजे घराला घातलेलं कुलूप नव्हे, वर्षातून काही ठरलेल्या दिवशी लोक येतात, चूल पेटते, खिडक्या उघडतात, भिंती सुकतात, कुठं गळतंय ते दिसतं. लाकडी घराला एवढं पुरतं. पूर्ण बंद घर मात्र चारपाच वर्षांत आतून सडतं, हे सोलापुरात सांगायला नकोच, कुठल्याही जुन्या पेठेत चक्कर मारा.

मग मोजणी आणि तब्येत तपासणी

प्रत्येक खोलीचा एक कागद करा. नकाशा हातानं काढला तरी चालेल, पण मापं खरी टाका. चारही भिंतींचे, छताचे, जमिनीचे फोटो काढा, फोटोत फूटपट्टी ठेवा, तारीख लिहा. दरवर्षी त्याच जागी उभं राहून तेच फोटो काढा, कारण भेग वाढतेय का जुनीच आहे हे एका फोटोवरून कधीच कळत नाही.

लाकडाची तपासणी कोणालाही जमते. तिकडची घरं म्हणजे आडवे ओंडके एकावर एक रचून, कोपऱ्यात खाचा मारून अडकवलेले. हातोडीच्या दांड्यानं ओंडका ठोकत जायचं, निरोगी लाकूड टणक वाजतं, सडलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथं बोथट स्क्रूड्रायव्हर दाबून बघायचा, सहज आत गेला तर रोग आहे. सगळ्यात आधी सडतो तो तळाचा ओंडका, त्यातही कोपरे, खिडक्यांच्या खालचा भाग आणि छपराचं पाणी पडतं ती बाजू. आपल्याकडं खांबाचा तळ, तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आणि पन्हाळीजवळचं माळवद (म्हणजे मातीचं सपाट छप्पर), ह्या तीन जागा बघितल्या तरी अर्धं काम झालं.

पाणी, पाणी आणि पाणी

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझं स्वतःचं नुकसान इथंच झालंय.

लाकूड म्हातारं झालं म्हणून मरत नाही, ते ओलं राहिलं म्हणून मरतं. स्वीडनच्या लोकांनी हे कधीच ओळखलं होतं, त्यांची घरं कोपऱ्यातल्या दगडांवर उचलून ठेवलेली असतात, खालून वारा खेळतो, दगड आणि ओंडका ह्यांच्या मध्ये भूर्ज झाडाची साल घालतात म्हणजे दगडाची ओल वर चढत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती कुठली तर घराभोवतीची माती खाली उतरवणं. वर्षानुवर्षं पाचोळा, फुलझाडं, रस्त्याची भर असं साचत साचत जमीन वर येते आणि तळाच्या ओंडक्याला टेकते. फावडं घ्या, माती मागं ओढा, उतार घराकडून बाहेर द्या, भिंतीला चिकटलेली झुडपं काढा. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा, पण ह्यानं जे वाचतं ते लाखाच्या दुरुस्तीनं परत येत नाही.

आपल्याकडं तेच काम तळखडा करतो. जुन्या वाड्यात सागवानी खांब कधी थेट जमिनीत पुरलेला नसतो, खाली घडीव दगडाचा तळखडा असतो, तो जमिनीच्या वर हातभर दिसतो आणि त्यावर खांब उभा. ओल आणि वाळवी दोन्ही तिथंच अडतात. आम्ही काय केलं, दहाबारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून सोप्यात फरशी बसवून घेतली. जुनी जमीन उकरायला नको म्हणून त्यानं वरच भर टाकली, सिमेंट कालवलं, टाइल्स बसवल्या, तळखडे त्यात गडप झाले आणि खांबाचा बुंधा थेट ओल्या भरावात गेला. दिसायला झकास दिसत होतं. तीन पावसाळ्यांनंतर माडीवरचं दार लागेना, आम्हाला वाटलं दार फुगलंय म्हणून सुताराकडून रंधा मारून घेतला, पुढच्या वर्षी पुन्हा लागेना. शेवटी एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना आणलं, ते दाराकडं बघायलाच तयार नाहीत, खाली सोप्यात आले, खांबाजवळ बसले, बोटानं टाइलचा सांधा चाचपला आणि म्हणाले, "फरशी काढा की ओ आधी, दाराचं मग बघू." टाइल फोडली तर खांबाचं लाकूड ताकात भिजलेल्या भाकरीसारखं हातात आलं. वरचा खांब टणटणीत, आजोबांच्या आजोबांच्या काळातला, आणि खालचं वीतभर पीठ. त्या दिवशी मला खरंच रडू आलं, कारण तो खांब आमच्या पाच पिढ्यांनी नाही, मी घालवला होता.

दुरुस्तीची पद्धत दोन्हीकडं एकच आहे. अख्खा ओंडका किंवा अख्खा खांब बदलायचा नाही, सडलेला भागच कापायचा. गामेलस्तादसारख्या घरात आधी सामान हलवतात, खिडक्यादारांना आतून आडवे टेके देतात, मग जॅक लावून घर उचलतात, एका वेळी काही मिलिमीटर, सगळ्या कोपऱ्यांवर फिरत फिरत, मध्ये पाचरी ठोकत. घाई केली तर कोपऱ्यातल्या खाचा फुटतात. धुराड्याचा पाया घराच्या पायापासून वेगळा असतो, घर वर जातं पण धुराडं जागेवर राहतं, म्हणून छपराशी त्याचा सांधा आधीच मोकळा करावा लागतो, हे विसरलं की छप्पर फाटतं. नवीन तुकडा त्याच जातीच्या झाडाचा, पाइनचा, हळू वाढलेला, गाभ्याचा आणि नीट वाळलेला पाहिजे. तिरकी खाच मारून जुन्याला जोडतात, फटीत शेवाळ ठासतात. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरून ठेवा, पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळलं पाहिजे. आमच्या खांबाला मिस्त्रींनी असाच सागाचा जोड दिला, तळखडा मोकळा केला, सगळ्या सोप्यातली भर काढली. खर्च फरशीच्या तिप्पट आला.

रंग: श्वास घेणारा पाहिजे

त्या घरांचा लाल रंग नुसता शोभेचा नाही. फालून नावाच्या ठिकाणी तांब्याची फार जुनी खाण होती, १९९२ मध्ये ती बंद झाली, तिच्या टाकाऊ मातीतून हे लोहयुक्त लाल रंगद्रव्य मिळतं. पाण्यात हिराकस उकळायचा, त्यात राईचं पीठ घोटून खळ करायची, मग लाल पूड आणि जवसाचं तेल. राई म्हणजे मोहरी नव्हे हं, ते तिकडचं धान्य आहे. हा रंग लाकडावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरत नाही, आत मुरतो, लाकडातली ओल बाहेर जाऊ देतो. जुना होतो तसा तो हाताला लागायला लागतो, तेव्हा ताठ ब्रशनं सुटा रंग झाडायचा आणि नवीन हात मारायचा, खरवडणं नाही, केमिकल नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, आधी कुणी प्लास्टिक पेंट मारला असेल तर त्यावर हा बसत नाही, तो सगळा काढावा लागतो, आणि त्या पेंटच्या मागं लाकूड बहुतेक सडायला लागलेलं असतं.

आपल्या मातीच्या भिंतींना हाच न्याय चुन्याचा. मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल कोंडते, खार वर येतो, पहिल्यांदा रंगाला फोड येतात आणि मग गिलाव्याचा अख्खा पत्राच सुटतो. कळीचा चुना विझवून नीट मुरू द्या, भिंत आधी पाणी मारून ओली करा, पातळ हात द्या, एक सुकला की दुसरा. चाळीसच्या वर पारा असताना भर दुपारी चुना मारू नका, तो नुसता भुकटी होऊन पडतो, सकाळी लवकर किंवा दिवाळीनंतर करा. माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती चढवायची पद्धत होती, ती मोडली आणि वर डांबरी शीट आली तिथून बहुतेक माळवदं बसायला लागली.

आग

लाकडी वस्तीला पाणी वर्षानुवर्षं खातं, आग एका रात्रीत. समुद्राकडं हलवलेलं लुलेओ शहर १८८७ मध्ये जळालं, पुढच्या वर्षी २५ जून १८८८ ला उमिओ आणि सुंडस्वाल ही दोन शहरं एकाच दिवशी जळाली. नॉर्वेत फांटोफ्टचं जुनं लाकडी चर्च १९९२ मध्ये लोकांनी मुद्दाम पेटवलं, ते पुढं पुन्हा उभारलं पण मूळ लाकूड गेलं ते गेलंच. त्यानंतर तिथल्या लाकडी चर्चना आग ओळखणारी यंत्रणा, पाण्याचे फवारे, बाहेरून पहारा ह्यावर फार लक्ष दिलं गेलं.

आपण काय करायचं? जुनी कापडी वायर काढा, प्रत्येक खोलीला वेगळा ट्रिपर बसवा, लोक नसताना मेन स्विच बंद. सिलिंडर लाकडी जिन्याखाली ठेवू नका, तो अंगणात. देवघरातली समई तुळईच्या थेट खाली नको. बोळात अग्निशमनची गाडी शिरते का हे स्वतः फायर ब्रिगेडला बोलावून बघा, शिरत नसेल तर चौकापासून वाड्यापर्यंत पोचेल एवढा होजपाइप आणि मोठी टाकी सगळ्यांनी मिळून घ्या. वर्षातून एकदा सराव करा, गड्ड्याच्या आधी.

भाऊबंदकी आणि नियम

एका घराचे अनेक मालक ही गोष्ट आपल्याला शिकवायची गरज नाही. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत, त्यातली चार पुण्यात. आम्ही एवढंच केलं की घराचं बाहेरचं अंग सगळ्यांचं आणि आतलं ज्याचं त्याचं, असं लिहून सह्या घेतल्या. बाहेरचा रंग, दारंखिडक्या, माळवद, पन्हाळी, अंगण ह्यातलं काहीही एकट्यानं बदलायचं नाही. एसीचं युनिट, काळी प्लास्टिक टाकी, डिश रस्त्याच्या बाजूला नाही. आत कपाट करा, पंखा लावा, कोणी विचारणार नाही. वर्षाला प्रत्येकी ठरावीक रक्कम एका खात्यात, त्यातून पन्हाळी साफ करणं आणि छोट्या दुरुस्त्या. मोठ्या ग्रँटची वाट बघत बसलेले वाडे मी पडलेले बघितलेत.

सरकारी बाजू थोडक्यात. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते, पुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम परवानगीनं. आपला भुईकोट किल्ला केंद्राच्या संरक्षणात आहे, तेव्हा त्याच्या आसपास घर असेल तर हातोडा उचलण्याआधी चौकशी करा. नॉर्वे सरकारनं २००१ ते २०१५ अशी पंधरा वर्षं आपल्या जुन्या लाकडी चर्चांच्या दुरुस्तीची मोहीम चालवली, अठ्ठावीस चर्च उरलीत त्यांच्यासाठी, आणि त्यात जुन्या हत्यारांनी, जुन्या पद्धतीनं लाकूड घडवणारे कारागीर पुन्हा तयार झाले. आपल्याकडं माळवद घालणारा माणूस शोधायला मला तालुकाभर फिरावं लागलं, म्हणून मिस्त्रींबरोबर एक तरुण पोरगा ठेवाच, त्याची मजुरी तुम्ही द्या.

पर्यटकांचंही बोलून टाकतो. गामेलस्तादला लोक बघायला येतात, माहिती देणारा गाइड मिळतो, पण खोल्या खाजगी आहेत, खिडकीला नाक लावून बघायच्या नाहीत. आपल्याकडं वाडा दुरुस्त झाला की पहिला सल्ला मिळतो हॉटेल काढा. मला तो मोह समजतो, पण प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम काढलं की पहिल्या भागात म्हटलं तेच सगळं सुरू होतं. एखादी खोली जशीच्या तशी मांडून लोकांना दाखवा, चुलीसकट, वळकट्यांसकट. बाकीच्या ज्यांच्या आहेत त्यांना बोलवा.

आणि बोलावणं खरंच करायचं. फोन करून, नाव घेऊन, "तुमची खोली आहे" असं सांगून. आम्ही गेल्या गड्ड्याला वळसंगवाल्यांची जिन्याखालची खोली उघडली, काका साठ वर्षांनी तिथं झोपले, सकाळी उठून त्यांनी दाराच्या मागं कोळशानं काढलेल्या उंचीच्या रेघा दाखवल्या, त्यातली एक त्यांची होती. त्या भिंतीवर आम्ही चुना मारणार होतो, तेवढी पट्टी सोडली. यंदा परसातली खोली. मंद्रूपला फोन झालाय, सात माणसं भोगीच्या आदल्या दिवशी येतायत, गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्यात आणि कुलपात तेल सोडलंय.